घरपट्टी, नळपट्टी आणि तंबाखूचा परवाना : ठाण्यात निर्णय कोणाचा?

१/
वर्तकनगरातील घरमालकाच्या हाती महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक पडते, तेव्हा त्यात सामान्य कर, पाण्याशी निगडित कर, मलनिःसारण असे वेगवेगळे रकाने दिसतात. त्याच वस्तीतील पानटपरीवर, अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा असल्याचा फलक लावणे कायद्याने बंधनकारक आहे. देयक आणि फलक यांचा वरवर काही संबंध नाही. दोन्हींच्या मागे मात्र एकच जुना प्रश्न उभा आहे. पट्टी कोण ठरवतो, परवाना कोण देतो आणि त्याला जाब कोण विचारतो? ठाणे-कल्याण परिसरातील या प्रश्नाचा हा इतिहास. #धागा

२/
प्रारंभ तंबाखूपासून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे अमेरिकी रोप हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि थोड्याच काळात दख्खनेत रुजले. अकबराचा दूत असद बेग याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवली. दरबारातील हकिमांत तिच्या गुणदोषांवर वाद झाला. अकबराचा पुत्र जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूसेवनावर बंदी घातली. ती टिकली नाही. या देशातील तंबाखूबंदीचा इतिहास इतका जुना आहे आणि तिच्या अपयशाचाही.

३/
पुढे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले की, जी वस्तू लोक सोडत नाहीत तिच्यावर महसूल उत्तम मिळतो. पोर्तुगीज राजसत्तेने तंबाखूचा मक्ता आपल्या हाती ठेवला आणि गोव्यातही ती मक्तेदारी राबवली. मुंबईत इंग्रजांनी तोच धडा गिरवला. १८५७ च्या चौथ्या कायद्याने मुंबई शहरातील तंबाखूवरील शुल्क, तिची किरकोळ विक्री आणि तिची गोदामे यांसंबंधीचे नियम नव्याने घातले. म्हणजे तंबाखूच्या किरकोळ विक्रीवरील सरकारी नियंत्रण एकविसाव्या शतकाचा शोध नव्हे. तेव्हाचा हेतू तेवढा वेगळा होता. चिंता तिजोरीची होती, फुप्फुसांची नव्हती.

४/
आता कराकडे वळू. मराठेशाहीत गावोगावी जकात होती. व्यापारी आणि कारागीर यांच्यावर मोहतर्फा होता. कंपनी सरकारने १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि धंद्यांवरील असे कर रद्द केले. व्यापार मोकळा व्हावा, ही त्यामागची भूमिका होती. पण रस्ते झाडायचे, दिवे लावायचे, गटारे काढायची तर पैसा कोठून आणायचा? सहाच वर्षांनी, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने उत्तर दिले. ज्या गावातील रहिवाशांना सुधारणा हव्या असतील त्यांनी नगरपालिका मागावी आणि खर्चासाठी स्वतःवर कर बसवून घ्यावा.

५/
या कायद्याच्या आधारे कल्याणला १८५५ मध्ये नगरपालिका आली. ठाण्याला ती १८६३ मध्ये मिळाली. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ पासून धावत होती आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून गावाचे महत्त्व वाढत होते. या आरंभीच्या नगरपालिकांना लोकांचे राज्य म्हणणे धाडसाचे ठरेल. सभासद सरकारनियुक्त असत आणि सूत्रे जिल्ह्याच्या कलेक्टरच्या हाती असत. कर लोकांचा होता, ठराव मात्र साहेबांचा.

६/
या पालिकांचा मोठा आधार म्हणजे जकात. १८४४ साली पुढच्या दाराने गेलेली जकात पालिकेच्या मागच्या दाराने परत आली. गावाच्या वेशीवर नाके बसले. जकात कोणत्या मालावर घ्यावी याचे वर्ग सरकारने ठरवून दिले होते. धान्य, जळण, इमारतीचे साहित्य, कापड, धातू यांच्या जोडीला त्यांत तंबाखूचा एक स्वतंत्र वर्ग होता. म्हणजे गावात येणाऱ्या तंबाखूच्या गठ्ठ्यावरील पैशातून त्याच गावचा दिवा जळत असे.

७/
दुसरा आधार घरपट्टीचा. पाण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा तिचे महत्त्व वाढले. ठाणे हे तलावांचे गाव. मासुंदा हा त्यांतला सर्वांत परिचित, तर पोखरण तलाव हा एके काळी ठाण्याच्या पिण्याच्या पाण्याचा आधार. आज वर्तकनगर परिसरातून जाणाऱ्या दोन्ही पोखरण रस्त्यांनी त्याचे नाव राखले आहे. तलावातून गावापर्यंत नळ आणायचा तर आधी भांडवल लागते आणि पुढे दर वर्षी देखभालीचा पैसा. विहिरीचे पाणी शेंदण्याला पट्टी नव्हती. नळाबरोबर ती घरात आली.

८/
येथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. नळपट्टी आकारायची कशी? कोणी किती पाणी वापरले, हे मोजणे अवघड होते. म्हणून सोपा मार्ग निवडला गेला. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज बांधायचा, दुरुस्तीसाठी त्यातून दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर, म्हणजे करयोग्य मूल्यावर, टक्केवारीने कर लावायचा. त्यामुळे पाण्याचा कर पुष्कळदा पाण्यावर नव्हे, घराच्या किमतीवर ठरत आला. आजच्या अनेक वादांचे मूळ या एका युक्तीत आहे.

९/
हा अंदाज कोणी बांधायचा आणि तो चुकला तर काय? या प्रश्नाने शेजारच्या मुंबईत राजकारण पेटवले. १८६५ च्या कायद्याने मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हा पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. माणूस कर्तबगार होता. त्याने शहराची साफसफाई केली, मंडई बांधली. पण खर्चाला धरबंद राहिला नाही. कापसाच्या तेजीचा फुगा फुटल्यावर मंदीत सापडलेल्या घरमालकांवर करांचा बोजा वाढत गेला आणि कमिशनरला आवर घालण्याचा अधिकार करदात्यांना नव्हता.

१०/
१८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे नेते पुढे आले. तरुण फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये याच विषयावर निबंध वाचला. त्यांचे निदान वेगळे होते. दोष एका कमिशनरचा नसून, त्याच्यावर लोकनियुक्त देखरेख नसण्याचा आहे, असे त्यांनी मांडले. श्रोत्यांना हे फारसे रुचले नाही. तरी पुढच्या घडामोडींनी त्यांच्या निदानाला बळ दिले.

११/
१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका निर्माण झाली आणि त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच मत होते, म्हणजे गरीब भाडेकरू बाहेरच राहिला. तरीही घटना मोठी होती. मुंबईच्या नागरी मतदानाचा जन्म स्वातंत्र्याच्या घोषणेतून झाला नाही. तो घरपट्टीच्या बिलावरून झालेल्या भांडणातून झाला. जो पट्टी भरतो, त्याला ती ठरवणारा निवडता आला पाहिजे, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

१२/
हे तत्त्व ठाणे-कल्याणसारख्या लहान गावांपर्यंत पोहोचायला आणखी दशक लागले. लॉर्ड रिपनच्या सरकारचा १८८२ चा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव आणि त्यामागोमाग मुंबई इलाख्याचा १८८४ चा जिल्हा नगरपालिका कायदा यांनी नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना जागा दिली. रिपनने स्पष्ट म्हटले होते की, कारभार अधिक नेटका होईल म्हणून हे पाऊल नाही. लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून ते उचलले आहे.

१३/
पट्टीची कथा अशी पुढे सरकली. परवान्याची कथा मात्र अडखळली. त्याचे बोलके उदाहरण पुण्यातले आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जुलै १८८० मध्ये त्यांनी पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांचा प्रश्न उपस्थित केला. पालिका नागरिकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि ही दुकाने त्याच आरोग्याची व नीतीची नासाडी करतात, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता.

१४/
अडचण अशी की, दारूचा परवाना पालिकेच्या हाती नव्हता. १८७८ च्या अबकारी कायद्याने तो सरकारी खात्याकडे होता आणि उत्पन्नही सरकारी तिजोरीत जात होते. परिणाम शहराने भोगायचे आणि परवानगी दुसऱ्याने द्यायची! याच फुल्यांनी पुण्याच्या नव्या मंडईच्या खर्चालाही विरोध केला होता. करदात्याच्या पैशाचा विनियोग ही त्यांची कायमची चिंता. इतिहासाची गंमत अशी की, पुण्याची ती मंडई आणि क्रॉफर्डची मुंबईतील मंडई, दोन्ही आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखल्या जातात.

१५/
तंबाखूच्या बाबतीत सत्ता आणखी वर सरकली. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चाची तोंडमिळवणी करताना केंद्र सरकारने १९४३ मध्ये तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवले. आता दिल्लीचा वाटा उत्पादनावर आणि गावाचा वाटा वेशीवरच्या जकातीवर, अशी विभागणी झाली. राज्यघटनेनेही स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कर हा विषय राज्यसूचीत स्वतंत्रपणे नोंदवला. म्हणून स्वातंत्र्यानंतरही जकात नाका हे नगरपालिकेच्या उत्पन्नाचे मुख्य दार राहिले.

१६/
आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका ज्या कायद्याने चालतात तो मूळ १९४९ चा, मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. त्यातील तीन कलमे इतिहासप्रेमींनी ध्यानात ठेवावीत अशी आहेत. कलम ९९ : पुढील वर्षाचे कराचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत. कलम १२९ : मालमत्ता करात सामान्य कराबरोबर पाणी आणि मलनिःसारण यांचे कर समाविष्ट होतात. कलम ४०६ : आकारणी मान्य नसल्यास न्यायाधीशाकडे अपील करता येते, पण वादातील रक्कम आधी भरावी लागते. आधी भरा, मग भांडा.

१७/
या कायद्याखाली ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण-डोंबिवली महापालिका वर्षभरानंतर, १९८३ मध्ये अस्तित्वात आली. तोवर ठाण्याचे रूप पालटले होते. पोखरण रस्त्यालगत कारखाने उभे राहिले होते आणि गृहनिर्माण मंडळाच्या वर्तकनगरसारख्या वसाहतींत कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबे राहात होती. २०११ च्या जनगणनेपर्यंत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख झाली. पोखरण तलावाचे दिवस केव्हाच सरले होते. आता पाणी उल्हास आणि भातसा या नद्यांतून येते, शिवाय काही हिस्सा मुंबई महापालिकेकडून व औद्योगिक विकास महामंडळाकडून.

१८/
यातही एक ऐतिहासिक विसंगती आहे. १८९२ मध्ये पुऱ्या झालेल्या तानसा तलावापासून मुंबईची तहान तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील नद्यांनी भागवली. ज्या जिल्ह्यात पाणी अडवले जाते, त्याच जिल्ह्यातील शहराला मुंबईच्या वाट्यातून पाणी घ्यावे लागते. पाणी आणण्याचा, शुद्ध करण्याचा आणि उचलण्याचा खर्च वाढतो तशी पाणीपट्टी वाढवण्याचा प्रस्ताव येतो. दर वाढवला की मतदार रागावतो. न वाढवला की जलवाहिन्यांच्या दुरुस्तीला पैसा उरत नाही. प्रत्येक पालिकेची ही जुनी कोंडी आहे.

१९/
पट्टीवरून माणसे किती टोकाला जातात, हे कल्याणलगतच्या २७ गावांनी दाखवले. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर २००२ मध्ये बाहेर पडली आणि जून २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. कर शहराचा आणि सोयी गावाच्या, ही तेथील मुख्य तक्रार. २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षअखेरीस उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गावांनी मागितले काय, सरकारने दिले काय आणि न्यायालयाने राखले काय, यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

२०/
इकडे तंबाखूबद्दलची दृष्टी पूर्ण बदलली. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, न्यायालये, ग्रंथालये, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ चा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा त्यापुढचा टप्पा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या परिघात विक्री नाही. वर्तकनगरसारख्या दाट वस्तीत जेथे शाळा, शिकवणी आणि टपरी एकाच रस्त्यावर असतात, तेथे हा परिघ काढू गेल्यास फारच थोडी जागा मोकळी उरते.

२१/
गुटख्याची कथा तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी ती टिकू दिली नाही. ज्या अन्नभेसळ कायद्याचा आधार घेतला होता, त्यात राज्याच्या अधिकाऱ्याला असा धोरणात्मक निर्णय घेण्याचा अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले. २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटीन वापरण्यास मनाई केली, तेव्हा नवा आधार मिळाला. जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली आणि ती वर्षागणिक वाढवत नेली. हेतू तोच, पण अधिकार कोणाचा यावर निकाल फिरला.

२२/
यानंतर पालिकेला परवान्याच्या कामात ओढले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवले की, तंबाखूविक्रेत्यांना स्थानिक संस्थांमार्फत परवाना द्यावा आणि अशा दुकानात चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स, शीतपेये विकू देऊ नयेत. मुलांचे पाय तेथे वळू नयेत, हा उद्देश. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट व बिडी विकण्यावर बंदी घातली. सुट्या सिगारेटीवर आरोग्याचा इशारा नसतो आणि एकेक घेणे तरुणांच्या खिशाला परवडते, हा त्यामागचा तर्क.

२३/
टपरीवाल्याची बाजूही ऐकायला हवी. अनेकांच्या दुकानात पान, सिगारेट, बिस्किटे आणि पाण्याची बाटली एकत्रच असते. यांतील एक वगळले तरी दिवसाचा हिशेब बिघडतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला उपजीविकेचे संरक्षण आणि नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व देऊ केले. एक कायदा त्याला जागा देतो, दुसरा त्याच्या मालावर मर्यादा आणतो. मुलांचे आरोग्य आणि गरिबाची रोजी यांचा तोल रस्त्याच्या कडेला साधायचा असतो. तो दिल्लीतून साधता येत नाही.

२४/
दरम्यान जुना दुवा तुटला. ठाण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. राज्यसूचीतील ती जुनी नोंद घटनादुरुस्तीने वगळली गेली. शहरात येणाऱ्या तंबाखूवर स्वतः कर बसवण्याचा अधिकार पालिकेकडे उरला नाही. राहिली ती शाळेभोवतीच्या टपऱ्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी. उत्पन्न वर गेले, काम खाली आले. फुल्यांनी १८८० मध्ये दाखवलेली विसंगती वेगळ्या रूपात परतली.

२५/
आता मूळ प्रश्न. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य हे नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगे विषय म्हणून नोंदवले आणि निर्णय वस्तीपर्यंत यावा म्हणून प्रभाग समित्यांची तरतूद केली. वर्तकनगर प्रभाग समिती हे त्याच रचनेचे एक टोक. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असेही ही दुरुस्ती सांगते. प्रत्यक्षात कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याच्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये संपली. महामारी, प्रभागरचना आणि आरक्षणाचे खटले यांत निवडणुका लांबल्या आणि पुढची काही वर्षे प्रशासकांनी कारभार केला.

२६/
त्या काळात देयके येतच राहिली. अंदाजपत्रके मांडली गेली, दर ठरले, परवाने दिले व नाकारले गेले. यांतील प्रत्येक निर्णय चुकीचा होता, असे नव्हे. एखादा प्रशासक नगरसेवकांहून अधिक शिस्तीने काम करूही शकतो. क्रॉफर्डही कर्तबगारच होता. १८७१ च्या करदात्यांचा आक्षेप त्याच्या कर्तबगारीवर संपत नव्हता. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव सभागृहात आला की विरोधात हात वर होतो, वाद वर्तमानपत्रांत येतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब होतो. सभागृह रिकामे असले की यातली एकही गोष्ट घडत नाही.

२७/
१८५० च्या कायद्याने गावकऱ्यांना विचारले होते : सुधारणा हव्यात ना, मग स्वतःवर कर बसवून घ्याल? १८७२ ने त्या प्रश्नाला जोड दिली : कर भरता ना, मग तो ठरवणारा निवडा. तंबाखूच्या परवान्याला हा दुसरा नियम अजून पुरता लागू झालेला नाही. पाणीपट्टीला तो लागू झाला आणि मध्यंतरी काही वर्षे स्थगित राहिला. दर वर्षी २० फेब्रुवारीच्या आसपास ठाण्यात पुढील वर्षाचे दर ठरायचे असतात. त्या बैठकीचे वृत्त वाचणे, हरकतीची मुदत पाहणे आणि प्रभाग समितीत जाऊन प्रश्न विचारणे, हा नागरी इतिहासाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित अभ्यास आहे.

#ठाणे #वर्तकनगर #कल्याणडोंबिवली #नागरीइतिहास